कर्नल बार्स्टो नाही म्हणतात

अमेरिकेत आमच्याकडे एखादा माणूस जनरल झाला, की ती बातमी सर्वांत शेवटी त्या माणसालाच कळायची. राष्ट्राध्यक्ष नावं सिनेटकडे पाठवायचे, सिनेट ती मंजूर करायची, वर्तमानपत्रवाले छापायचे आणि मग केव्हातरी युद्धखात्यातला एखादा कारकून त्या माणसाला पत्र लिहायला बसायचा. तुम्हाला हे पद हवं आहे का, असं आधी विचारायची पद्धत नव्हती. देशानं हाक मारली की माणसानं उठून यायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

१७९८च्या उन्हाळ्यात फ्रान्सशी लढाई होणार अशी हवा होती. फ्रेंच आमची जहाजं पकडत होते आणि नवं सैन्य उभं करायचं ठरलं होतं. एका दुपारी टपालवाल्यानं असाहेल पेकच्या सराईत वर्तमानपत्र टाकलं. असाहेल स्वातंत्र्याच्या लढाईत कर्नल जोथम बार्स्टो यांच्या पलटणीत सार्जंट होता. त्यानं नियुक्त्यांचा मजकूर मोठ्यानं वाचला आणि थोड्याच वेळात दहाबारा माणसं बंदुका घेऊन बार्स्टोंच्या कुरणाकडे निघाली. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही त्यांच्या मागून गेलो. मागून जाणं हीच माझी रीत होती.

कर्नल गवताच्या गाडीवर उभं राहून वर आलेला भारा रचत होते. कुंपणाशी पोचताच मंडळींनी बार काढले. बैल बिथरले, गाडी हलली आणि कर्नल गवतात उताणे पडले.

"उठा जनरलसाहेब," असाहेल म्हणाला. "देश बोलावतोय आणि तुम्ही लोळत पडलाय."

"कोण जनरल?"

"तुम्हीच. छापून आलंय."

"दुसरा कुणी बार्स्टो असेल."

"जोथम बार्स्टो, मॅसॅच्युसेट्स. आणखी एखादा असला तर त्यालाही बोलवा, दोघांना पाजू."

सगळे हसले. कर्नलांनी केसांतलं गवत काढत गर्दीत मला शोधलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाचून दाखवा." जणू मी वाचलं असतं तर मजकूर वेगळा निघाला असता. मी वाचलं. ब्रिगेडियर जनरल म्हणून आधी सिल्व्हेनस गोरहम यांचं नाव होतं आणि त्याखाली जोथम बार्स्टो.

"गोरहम वर कसा?" असाहेल म्हणाला. "तुम्ही कर्नल होतात तेव्हा तो मेजर होता. तुमच्याच पलटणीत."

"चांगला माणूस आहे," कर्नल म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, पश्चिमेकडे आभाळ भरून आलंय असं सांगितलं आणि पुन्हा गवत रचायला लागले. सराईकडे परत जाताना सगळे एवढंच बोलत होते, की माणूस असावा तर असा.

आमच्या गावात प्रार्थनाघरातले बाक मानाप्रमाणे वाटून दिलेले असायचे. वय, जमीन, सैन्यातला हुद्दा हे सगळं तोलून कुणी कुठे बसायचं ते एक समिती ठरवायची, आणि त्या निवाड्यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. या खेपेला समितीनं युद्धखात्याच्या पत्राचीही वाट पाहिली नाही. पुढच्या रविवारीच बार्स्टो नवराबायकोला तिसऱ्या ओळीतून उठवून थेट पाळकांच्या व्यासपीठाखालच्या पहिल्या बाकावर बसवलं. बाहेर पडल्यावर थँकफुलबाई, म्हणजे कर्नलांची बायको, मला म्हणाल्या, "मास्तर, मान मोठा आहे खरा. पण तिथून पाळकांच्या नाकातले केस दिसतात."

त्यानंतर पत्र आलं आणि कर्नलांनी मला बोलावलं.

गावाचं वाचनालय म्हणजे माझ्या खोलीतलं एक कपाट होतं. त्या कपाटामुळे मला सगळं कळतं असा लोकांचा समज होता, आणि तो खोटा आहे हे सांगायचा मला धीर नव्हता. म्हणून गावातली महत्त्वाची पत्रं मी लिहायचो. कर्नल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात सफरचंदाच्या सायडरचा पेला तसाच भरलेला होता.

"साधं लिहा," ते म्हणाले. "लिहा, मला हे काम झेपणार नाही. माझी तेवढी कुवत नाही. माझ्यापेक्षा चांगला माणूस नेमावा."

मी लेखणी बुडवली आणि तशीच धरून बसलो.

"काय झालं?"

"कर्नलसाहेब, मी चुकत असेन कदाचित. पण हे सगळेच लिहितात."

"कोण सगळे?"

"होकार देणारे. गव्हर्नर निवडून आले की ते असंच लिहितात. न्यायाधीशही असंच लिहितात. गेल्या वसंतात आपल्या गावसभेनं मोकाट डुकरं धरायच्या कामावर एका नव्यानं लग्न झालेल्या पोराला निवडलं, तोही उठून म्हणाला की माझी लायकी नाही. आणि मग त्यानं शपथ घेतली."

"पण मी खरंच सांगतोय."

"तेही तसंच म्हणतात."

कर्नलांनी पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मग या देशात खरोखर नालायक असलेल्या माणसानं काय लिहायचं?"

मी एवढंच सुचवलं, की शेवटी 'म्हणून हे पद मी स्वीकारू शकत नाही' असं स्वच्छ लिहू. त्यांना ते पटलं. पत्र झाल्यावर मी जायला उठलो, तर त्यांनी मला बसायला सांगितलं. का नको म्हणतो आहे ते कुणालातरी माहीत असावं असं त्यांना वाटलं असावं.

नदी ओलांडण्याच्या ज्या लढाईसाठी त्यांचं नाव झालं होतं, तिची हकीकत त्यांनी सांगितली. ब्रिगेडचे प्रमुख सकाळीच तापानं पडले आणि सगळी सूत्रं कर्नलांकडे आली. नदीला पायी ओलांडता येतील असे दोन उतार होते, एक वरचा, एक खालचा. पलीकडे शत्रू. कर्नल एका झाडाखाली नकाशा मांडीवर घेऊन बसले.

"दोन्ही उतार मला सारखेच चांगले दिसत होते आणि सारखेच वाईट," ते म्हणाले. "वरून गेलो तर कोण मरेल आणि खालून गेलो तर कोण मरेल, तेवढंच दिसत होतं. चेहरे दिसत होते, मास्तर. माणसं येऊन विचारून जात होती. मी बसून होतो. मग ओरडा ऐकू आला. मान वर करून पाहतो तर आपली माणसं वरच्या उतारानं पाण्यात शिरलेली."

"हुकूम कुणी दिला?"

"मी नाही दिला, एवढं माहीत आहे. जिंकल्यावर सगळे माझ्याकडे धावत आले. सरकारच्या आभाराच्या ठरावात माझं नाव घातलं. गोरहम तेव्हा मागच्या छावणीत होता, त्यालाही ठाऊक नाही." ते पेल्याकडे बघत होते. "हातात हुकूम असला की मी भिंतीसारखा उभा राहतो. खोटं कशाला बोलू, त्यात मी चांगला होतो. पण हुकूम द्यायची वेळ आली की आतलं सगळं थिजतं. आणि ब्रिगेडियर म्हणजे दुसरं काय काम असतं?"

पत्र गेलं. महिन्याभरानं उत्तर आलं, आणि ते माझ्या भीतीपेक्षाही वाईट होतं. युद्धखात्याच्या सचिवांनी लिहिलं होतं, की असा विनय हाच लायकीचा सर्वांत मोठा पुरावा. नांगर सोडून तलवार धरताना सज्जन माणसाचं मन मागे सरणारच, हे राष्ट्राध्यक्षांनाही समजतं. सोबत मोहर उठवलेली नेमणुकीची सनद होती. कर्नलांचं पत्र वर्तमानपत्रातही छापून आलं, तरुणांनी आदर्श म्हणून वाचावं अशा शिफारशीसह. त्या रविवारी पाळकांनी प्रवचनच त्यावर केलं. देव ज्याला निवडतो तो आधी मागेच सरतो, पुढे धावतो तो देवाचा नव्हे, असं ते तासभर समजावत होते आणि सगळं गाव पहिल्या बाकाकडे बघत होतं.

दाराशी कर्नलांनी त्यांना गाठलं. "पाळकसाहेब, मी खरोखर त्या कामाचा नाही."

"हेच," पाळकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "हेच तर मी म्हणत होतो."

इथपर्यंत सगळं विनोदाचं होतं. पण मग भरती सुरू झाली. कर्नल बार्स्टो आहेत म्हटल्यावर आईबाप स्वतः पोरांना घेऊन यायला लागले. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं, त्यांतली बरीच माझ्या शाळेत अक्षरं गिरवून गेलेली. असाहेलचा मुलगा रूबेन सर्वांत आधी गेला. ते ऐकल्यावर कर्नल सराईत आले. एरवी ते तिथे फारसे यायचे नाहीत. मी कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

"मला सगळ्यांना एक सांगायचंय," ते उभ्यानंच म्हणाले. "नदीच्या लढाईत हुकूम मी दिला नव्हता."

मग कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले.

"बसा, बसा," असाहेल म्हणाला. "तुमचं तर दर आठवड्याला काहीतरी कमीच होत चाललंय. पुढच्या वेळी म्हणाल, लढाईला गेलोच नव्हतो, घरी गाय व्यायली होती."

"असाहेल, तू तिथं होतास. वरच्या उतारानं चला, असं कोण म्हणालं?"

"मी म्हणालो. तुमचा हुकूम होता म्हणून म्हणालो. मी येऊन विचारलं, वरच्या उतारानं जायचं का? तुम्ही मान हलवलीत."

"नाही हलवली."

"हलवलीत. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मला आठवत नाही."

"जनरलला कशाला आठवायला हवं? त्यासाठी सार्जंट असतो."

पुन्हा हशा पिकला. कर्नल टेबलावर हात टेकून वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझा रूबेन माझ्या हाताखाली येतोय, असाहेल."

असाहेलचं हसू जरा उतरलं. "म्हणूनच तर पाठवतोय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे मी त्याला सोडला असता का?"

ती मान हलली होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. असाहेल खोटं बोलत नव्हता असं मला वाटतं. कर्नलही नव्हते. आम्ही दोघं बरोबरच परत निघालो. वाटेत ते एकदाच बोलले. "ही पोरं माझ्यामुळे मेली ना, मास्तर, तरी लोक माझ्याच नावानं बार काढतील."

घरी थँकफुलबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि टोपली बाजूला सारली. कर्नलांनी आपण होऊन सगळं सांगितलं.

"तुमचं दोघांचं चुकतंय ते एवढंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना न समजणारा नकार देताय. या मुलखात नकार एकच समजतो."

"कोणता?"

"नाकाचा. काल जो तुमच्या खाली होता तो आज तुमच्या वर बसलाय. रागवा. आजवर जेवढ्यांनी मोठी पदं नाकारली ती याच कारणानं, आणि एकालाही कुणी 'विनय करतोय' म्हटलं नाही."

"पण मला राग आलेला नाही."

"नसू दे. लिहा फक्त."

"गोरहमचा मान माझ्यापेक्षा मोठाच आहे, थँकफुल. तो माझा मित्र आहे."

"म्हणून तर जड जाईल. नाहीतर सोपंच होतं."

कर्नलांनी कपाळ चोळलं. "मग गोरहमला तरी खाजगीत लिहितो, की हे सगळं खोटं आहे."

"आणि तो भला माणूस तुमचं नाव साफ करायला ते पत्र सचिवांना दाखवेल. तेही छापून येईल. पाळक त्यावर आणखी एक प्रवचन करतील, आणि मला जन्मभर त्या पहिल्या बाकावर बसावं लागेल."

त्या दुपारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. मी आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. कर्नलांनी रणांगणाबाहेर चढवला नसावा. आम्ही दोघांनी मिळून उद्धट पत्र लिहायचं होतं.

कर्नल म्हणाले, "लिहा, जनरल गोरहम यांच्याबद्दल मला अत्यंत आदर असून—"

"खोडा," थँकफुलबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "माझ्या ज्येष्ठतेचा विसर पडला असल्यास, असं लिहिलं तर?"

"असल्यास कशाला? पडलाय. आणि विसर म्हणजे काय, छत्री विसरलेत का ते? लिहा, माझा अपमान झाला आहे."

मी लिहिलं. अक्षर बिघडलं, पण त्या म्हणाल्या असू दे, रागात लिहिल्यासारखं दिसतं. कर्नल प्रत्येक वाक्याला जागेवर चुळबुळ करत होते. एका ठिकाणी त्यांनी हट्टानं सांगितलं, की गोरहमच्या शौर्याबद्दल वावगा शब्द जाता कामा नये. बाईंनी एवढं मान्य केलं. शेवटचं वाक्य मात्र त्यांनीच सांगितलं. "जो काल माझ्यामागून चालला, त्याच्यामागून आज मी चालणार नाही."

"भयंकर आहे हे," कर्नल म्हणाले.

"चांगलंय ना?"

त्यांनी सही केली. खोट्या पत्रावर केलेली त्यांची ती एकच सही असावी. आपण योग्य करतो आहोत का, असं त्यांनी मला विचारलं. माझ्या कपाटातल्या पुस्तकांत मी यावर बरंच वाचलं होतं, पण त्या वेळी काहीच आठवलं नाही. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. ते म्हणाले, मलाही नाही.

यावेळी पत्र सगळ्यांना एका वाचनात समजलं. सचिवांचं उत्तर कोरडं होतं, पण त्यात एक शेपूट होतं. खुद्द जनरल गोरहम यांनी या पत्राबद्दल ऐकून, बार्स्टोंची समजूत घालण्याची एक संधी मागितली आहे, तोवर जागा मोकळी ठेवली आहे.

गोरहम आले तेव्हा पानं लाल व्हायला लागली होती. उंच, वाळकुडा माणूस, एका पायानं लंगडत चालणारा. आधी सराईत उतरून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की बार्स्टो माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत हे खरंच आहे. मी सचिवांना लिहून माझी जागा त्यांना द्यायला तयार आहे. ते वर, मी त्यांच्या खाली. हे ऐकून गावाला भरून आलं. निम्मं गाव त्यांच्यामागून बार्स्टोंच्या फाटकापर्यंत आलं आणि तिथेच थांबून राहिलं.

कर्नलांनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं, काही लिहायची वेळ आली तर असावा म्हणून. थँकफुलबाईंनी टेबलावर पाव आणि चीज ठेवलं. कुणी हात लावला नाही.

"जोथम, मी तुझ्या हाताखाली येतो," गोरहम म्हणाले. "पूर्वी होतो तसा. आता तर झालं?"

कर्नलांनी बायकोकडे पाहिलं. या वेळी बाईंकडेही काही उपाय नव्हता. नाकाचं कारण गोरहमनी दारातच काढून घेतलं होतं, आणि बदल्यात आणखी वरची जागा पुढे केली होती.

मग कर्नलांनी खरं ते सांगितलं. झाडाखालचा नकाशा, दोन उतार, न दिलेला हुकूम. गोरहम ऐकत होते. ते हसले नाहीत, पण त्यांना पटलंही नसावं. सगळ्यांसारखाच त्यांनाही तो विनय वाटला असावा.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "समज, तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक नदीकाठानं जाते. जवळची आहे, पण वरच्या कड्यावर शत्रू असला तर आपण खाली अडकलो. दुसरी टेकडीवरून. लांबची, माणसं दमतील, पण वरून सगळं दिसेल. दिवस कलायला आलाय. पुढची आपली तुकडी अडचणीत आहे, तिला मदत हवी. कुठून जाशील?"

"वाटाड्या आहे?"

"नाही."

"कड्यावर कोणी आहे का, काही खबर?"

"काहीच नाही."

"माणसांनी खाल्लंय?"

"सकाळी."

कर्नलांनी मान खाली घातली. आम्ही वाट पाहत होतो. फाटकापाशी कुणाचंतरी लहान मूल रडलं, त्याला गप्प केलं गेलं. मला स्वतःला उत्तर लगेच सुचलं होतं, आणि ते इतकं सहज सुचलं याचं आश्चर्यही वाटलं. पण माझ्या उत्तरानं कुणी मरणार नव्हतं. कर्नलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की ते त्या वाटांवर आहेत. दोन्हीवर, एकाच वेळी. त्यांचे ओठ हलत होते. कपाळावर घाम आला होता. थँकफुलबाईंनी उठून चुलीत लाकूड सारलं, परत येऊन बसल्या. तरी ते बोलले नाहीत. एकदा त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

गोरहमनी हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला. "बास, जोथम."

"थांब, सांगतो."

"नको सांगू. बास."

कर्नलांनी श्वास सोडला. बराच वेळ पाण्याखाली राहून वर आलेल्या माणसासारखा तो होता.

"मला वाटलं तू विनय करतोयस," गोरहम म्हणाले.

"सगळ्यांना तेच वाटतं."

"तुझ्यासारखा माणूस माझ्या रांगेत उभा असताना मला पाठीच्या काळजीनं कधी मागे वळून पाहावं लागलं नव्हतं. आजही लागणार नाही." ते उठले, हॅट घेतली आणि तशीच हातात फिरवत राहिले. "सचिवांना लिहीन, की तू हटून बसलास. खरं लिहिलं तर ते पुन्हा सनद पाठवतील. पण बाहेर हे लोक आहेत. मी तुझ्या खाली यायला तयार आहे हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकलंय. त्यानंतरही तू नाही म्हणालास, तर ते तुला नुसता गर्विष्ठ म्हणून सोडणार नाहीत."

"माहीत आहे."

"पोरं मी नेतो. असाहेलच्या पोराला जवळ ठेवीन."

"त्याला जवळ ठेवू नकोस. त्याचे डोळे चांगले आहेत, त्याला पुढे पाहणीवर घाल," कर्नल म्हणाले. हे त्यांनी चटकन, विचार न करता सांगितलं, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं. गोरहम किंचित हसले. मला वाटतं, त्या दोघांमधलं ते शेवटचं मोकळं बोलणं.

मग दोघं फाटकापर्यंत गेले. मी मागे होतो. गोरहम लोकांपुढे थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "कर्नल बार्स्टो, तुम्ही मोठे आहात असं ऐकून आलो होतो. रस्ता लांबचा होता, फुकट गेला, एवढंच म्हणतो." त्यांनी हात पुढे केला नाही. कर्नलांचा उजवा हात थोडा उचलला गेला होता. तो त्यांनी कोटाच्या खिशात घातला. गोरहम घोड्यावर बसून निघून गेले आणि लोक बार्स्टोंकडे न बघता त्यांच्यामागून गेले.

समितीनं पुन्हा बाक ठरवले. तिसरी ओळही मिळाली नाही, खांबामागची पाचवी मिळाली. थँकफुलबाई म्हणाल्या, इथे झोप छान लागते. पाळकांनी गर्वावर प्रवचन केलं, नाव न घेता. कर्नल सराईत आले की कुणीतरी उठून म्हणायचं, "आधी कर्नलसाहेबांना बसू द्या, नाहीतर अपमान व्हायचा." पुढे त्यांनी येणंच सोडलं. असाहेलनं काही म्हटलं नाही, पण जवळपास दोन वर्षं तो त्यांच्याशी बोलला नाही. ज्याच्या भरवशावर पोराला पाठवलं तो माणूस रुसून घरी बसला, असं त्याच्या मनात होतं. मी एकदा त्याला काही सांगायच्या बेतात होतो. पण कर्नलांनी मला सांगू नका म्हटलं होतं, आणि सांगून त्याला पटलं असतं असंही वाटत नव्हतं.

लढाई झालीच नाही. फ्रान्सशी तह होऊ घातला, दोन वर्षांनी उन्हाळ्यात सैन्य मोडलं आणि पोरं छावणीतली गाणी आणि खोकला घेऊन घरी आली. रूबेनला गोरहमनी पाहणीच्या तुकडीत घातलं होतं, आणि त्यानं दोन वर्षांत सशांखेरीज काही पाहिलं नव्हतं. त्यानंतर असाहेल पुन्हा बोलायला लागला. "फुकटचं जनरलपद घालवलंत की हो," तो म्हणाला. "नुसतं घोड्यावर बसायचं होतं." कर्नल हसले आणि त्यांनी त्याला सफरचंदं दिली.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या बागेत गेलो होतो. ते शिडीवर होते आणि मी खाली टोपली धरून उभा होतो.

"टेकडीवरची," ते मध्येच म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"वरून दिसलं असतं," ते म्हणाले. "माणसं दमली असती, पण दिसलं असतं. टेकडीवरचीच घ्यायला हवी होती."

"नक्की?"

"नक्की." त्यांनी एक सफरचंद उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "दोन वर्षं लागली."

मी ते टोपलीत ठेवलं. गोरहम आले त्या दिवशी टेबलाशी बसून मला जी वाट इतक्या चटकन सुचली होती, ती नदीकाठची होती. ते मी त्यांना सांगितलं नाही.